देवळाशेजारची चावडी

पुण्याहून मुंबईच्या सडकेने निघालेल्या प्रवाशाला दापोडीचा पूल ओलांडल्यापासून निगडीपर्यंत एकच अखंड शहर लागते. नाशिकच्या सडकेने गेले तर भोसरी, मोशी, इंद्रायणीचे पात्र आणि पलीकडे चाकण असा क्रम येतो. तेथेही कारखान्यांच्या भिंती आणि मालमोटारींचे तांडे यांवाचून दुसरे काही सहसा नजरेस पडत नाही. तथापि या सडका सोडून कोणी पिंपरीगावात, जुन्या भोसरीत किंवा चिंचवडगावात शिरला, तर शंभर-दोनशे पावलांतच रस्ता अरुंद होतो, वळणे वाढतात आणि अखेर एक मोकळी जागा लागते. त्या जागेत एक देऊळ असते. पिंपरीगावात व भोसरीत ते भैरवनाथाचे, मोशीत नागेश्वराचे, चऱ्होलीत वाघेश्वराचे, चाकणात चक्रेश्वराचे. देवळासमोर वड किंवा पिंपळ आणि त्याच्या बुंध्याभोवती दगडी पार. आणि अशा जागी देवाच्या दारापासून हाकेच्या अंतरावर गावाची चावडी असे.

गावाला ही दोन घरे का लागतात आणि ती शेजारी शेजारी का असतात, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. धान्याची पेवे, विहीर, वेस यांची जागा जमिनीच्या उतारावरून व पाण्याच्या सोयीवरून ठरते. देऊळ आणि चावडी यांना एकत्र राहण्याची अशी कोणतीही सक्ती नव्हती. पण एकाचे काम दुसऱ्यावाचून अडत होते.

चावडीची इमारत म्हणजे काही प्रेक्षणीय वास्तू नव्हे. तीन बाजूंनी भिंत, पुढची बाजू मोकळी, चार-सहा लाकडी खांब, शेणाने सारवलेली किंवा फरसबंदी केलेली जमीन, एका कोपऱ्यात कुलकर्ण्याचे दप्तर. येथे सारा भरावयाचा, येथेच परगावचा शिपाई किंवा सरकारी कारकून उतरावयाचा, बेवारशी जनावर येथेच आणून बांधावयाचे आणि बांधाची भांडणेही येथेच ऐकावयाची. पाटलाची बैठक भिंतीला टेकून. बाकीच्यांची ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणे. भांडण मोठे असले, म्हणजे वतनाचे किंवा जमिनीच्या मालकीचे असले, तर मराठी राज्यात गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारच्या गावांचे जाणते लोक एकत्र जमून निवाडा करीत आणि त्याचा महजर लिहून त्यावर आपापली निशाणी करीत. पाटलाच्या नावापुढे नांगर आणि इतरांच्या नावापुढे त्यांच्या त्यांच्या धंद्याचे हत्यार, असे जुने कागद मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहेत.

साक्षीपुराव्याने निकाल लागेनासा झाला, की मात्र चावडी हात टेकीत असे. मग वादी-प्रतिवाद्याला देवासमोर उभे करावयाचे, बेलभंडार उचलावयास लावावयाचे, आणि अगदीच निर्वाणीचा प्रसंग आला तर दिव्य. तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा काढावयाचा, हात बांधून त्यावर मोहर करावयाची, आणि ठरल्या दिवशी हात सोडून पाहावयाचा. आजच्या वाचकाला हा प्रकार रानटी वाटेल, आणि तो तसा होताच. परंतु त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चावडीच्या शब्दाला अखेरचे वजन देवळातून येत होते. आणि देवळाची डागडुजी, नंदादीपाचे तेल, पुजाऱ्याचे इनाम व गुरवाचे बलुते यांची व्यवस्था चावडीवर ठरत होती. देवाचा हिशेब माणसांच्या घरी आणि माणसांची शपथ देवाच्या घरी, अशी ही अदलाबदल होती.

इंग्लंडातील जुन्या खेड्यात हीच जोडी निराळ्या वेषात भेटते. तेथे मध्यभागी चर्च आणि त्याच्या आवाराला लागून मद्यगृह, ज्याला ते लोक पब म्हणतात. आपल्याकडच्या सुशिक्षित माणसाला हे शेजार प्रथमदर्शनी विपरीत वाटते. देवाच्या दाराशी दारूचा गुत्ता! परंतु इतिहास पाहिला तर असे दिसते, की यांतील पुष्कळशी मद्यगृहे देवाच्या दाराशी आली नाहीत, ती देवाच्याच घरातून निघाली.

पंधराव्या व सोळाव्या शतकांत इंग्लंडातील पॅरिशवर आपल्या चर्चच्या सभामंडपाची दुरुस्ती, घंटा, मेणबत्त्या इत्यादींचा खर्च येऊन पडे. हा पैसा उभा करण्यासाठी चर्चचे कारभारी गावातून जव गोळा करीत, त्याची ‘एल’ नावाची सौम्य दारू गाळीत आणि सणाच्या दिवशी, विशेषतः व्हिटसनच्या सुमारास, ती सगळ्या गावाला विकत. या उत्सवालाच ‘चर्च-एल’ असे नाव पडले. नाच, खेळ, धनुर्विद्येच्या शर्यती, आणि शेजारच्या गावचे पाहुणे. यांतून आलेला नफा कारभाऱ्यांच्या वहीत जमेला पडे आणि त्यातून छपराचे शिसे विकत घेतले जाई. पुढे यासाठी चर्चच्या आवाराशेजारी स्वतंत्र इमारत बांधण्याची पद्धत पडली. डेव्हन, सॉमरसेट या पश्चिमेकडील परगण्यांत अशी ‘चर्च-हाउसे’ बरीच झाली. खाली चूल आणि मद्य गाळण्याची भांडी, वर लांबलचक दालन. काळ बदलला आणि त्यांतील काही इमारतींचे सरळ खाणावळीत व मद्यगृहात रूपांतर झाले; डेव्हनमध्ये ‘चर्च हाउस इन’ अशी पाटी आजही एकाहून अधिक खेड्यांत दिसते. इतर ठिकाणी नाते केवळ नावात राहिले. ‘घंटा’, ‘सहा घंटा’, ‘कोकरू’, सेंट पीटरच्या हातच्या ‘आडव्या किल्ल्या’ ही मद्यगृहांची नावे सरळ चर्चमधून उचललेली आहेत. घंटा वाजविणाऱ्या मंडळींना वाजवून झाल्यावर बिअर पाजल्याचा खर्च तर चर्चच्या जमाखर्चातच मांडलेला असे!

हे सख्य पुढे तुटले, आणि तोडणारा चर्चच्याच पोटातला होता. प्यूरिटन मताच्या लोकांना देवाचे काम दारूच्या पैशाने चालावे ही कल्पना असह्य वाटे. १६०३ च्या धर्मनियमांत चर्चमध्ये व त्याच्या आवारात मेजवान्या, खेळ आणि चर्च-एल करण्यास मनाई झाली. १६१८ साली राजा पहिला जेम्स याने रविवारच्या उपासनेनंतर खेळ व व्हिटसनचे उत्सव करण्यास मोकळीक दिली. १६३३ च्या सुमारास सॉमरसेटात न्यायाधीश रिचर्डसनने असे उत्सव बंद करण्याचा हुकूम फर्माविला, तेव्हा तेथील बिशप पिअर्स याने उलट त्यांची कड घेतली. अशा समारंभांनी शेजाऱ्यांतील भांडणे मिटतात आणि गरिबाला पोटभर मिळते, असे त्याचे म्हणणे होते. बिशपसारख्या अधिकारी माणसाने उत्सवातील मद्याची वकिली करावी हे मोठे गमतीचे खरे. पण त्याच्या म्हणण्यात जे मर्म आहे ते आपल्या जत्रेच्या पंचांनाही सहज पटेल.

कारण चर्च-एलचे भारतीय भावंड शोधावयाचे तर ते चावडी नव्हे, जत्रा होय. पण त्याआधी मद्याच्या प्रश्नाचा विचार केला पाहिजे. मावळात व खेड तालुक्यात दारू नव्हती असे म्हणणे शुद्ध भाबडेपणाचे होईल. शिवेवरच्या काही देवतांना तर ती नैवेद्याला चालत असे. परंतु ती गावाच्या मध्यावर, देवळाच्या पायरीशी कधी आली नाही. याचे एक कारण उघड आहे. हा सगळा मुलूख देहू आणि आळंदी यांच्या मध्ये पसरलेला आहे. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली, सतराव्या शतकात तुकोबा देहूत होऊन गेले, आणि गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाने मद्यमांसाला शिवू नये हा दंडक घरोघर पोचला. माळकऱ्यांच्या मुलखात गुत्त्याला ओढ्याकाठची किंवा शिवेपलीकडचीच जागा मिळणार! तेव्हा इंग्लंडात जे काम बिअरच्या पेल्याने केले, म्हणजे अनोळखी माणसाला बोलते करणे आणि रुसलेल्याला बसते करणे, ते येथे चंचीने केले. चंची सोडून पान, सुपारी, चुना, तंबाखू पुढे सरकविली, की समोरच्याला उठून जाता येत नसे. चावडीवरच्या किती तंट्यांचा शेवट चुन्याच्या बोटावर झाला असेल, त्याचा महजर मात्र कोणी लिहून ठेवलेला नाही.

सरकारनेही या दोन देशांत दोन तऱ्हा केल्या. १८३० च्या बिअर कायद्याने इंग्लंडात कोणाही करदात्याला दोन गिनी भरून बिअर विकण्याचा परवाना मिळू लागला आणि खेडोपाडी बिअरची घरे उगवली. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने गाळण्याचा व विकण्याचा सगळा व्यवहार मक्तेदार व परवानेदार यांच्या हाती गेला. दारू हे खेड्याचे बरेवाईट व्यसन न राहता खजिन्याचे उत्पन्न झाले. १९४९ साली मुंबईचा दारूबंदीचा कायदा आला, तो पुढे सैल पडत गेला. आज महाराष्ट्रात दारूचे दुकान देवळापासून व शाळेपासून ठराविक अंतरावर असावे लागते, आणि गावातील स्त्रियांनी मतदान करून ‘आडवी बाटली’ केली तर ते बंदही पडते. ज्या स्त्रियांना चावडीची पायरी चढण्याची मुभा नव्हती त्यांच्या हाती हा अधिकार यावा, यात काळाने केलेला न्याय आहे.

चिंचवडची कथा या सर्वांहून निराळी आहे. तेथे देवळाने चावडीला शेजार दिला नाही, ती जवळजवळ पोटातच घेतली. मोरया गोसावी हे गणेशभक्त मोरगावाहून निघून पवनेच्या काठी येऊन राहिले. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण त्यांच्या समाधीवरील देवळाचे बांधकाम चिंतामणी महाराजांच्या वेळी, १६५८-५९ च्या सुमारास सुरू झाले, असे तेथील शिलालेखावरून सांगतात. चिंतामणींना तुकोबांनी ‘देव’ म्हणून संबोधिले आणि तेव्हापासून घराण्याचे नावच देव पडले, अशी परंपरा आहे. नदीकाठी समाधीचे देऊळ आणि गावात मंगलमूर्तींचा वाडा. या वाड्यात देवपूजा होई, इनामगावांचा वसूल येई, अन्नदान चाले. पेशवाईत तर चिंचवडला टांकसाळही होती. घराण्यातील प्रत्येक पुरुष हा गणपतीचा अंश, अशी लोकांची श्रद्धा असल्यामुळे सारा घेणारा आणि नवस घेणारा एकच!

या चमत्कारिक संस्थेचे वर्तमान विलायतेपर्यंत गेले. एडवर्ड मूर नावाचा कंपनीचा अधिकारी १८०० साली चिंचवडास आला आणि त्याने या वंशपरंपरागत जिवंत देवावर ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये निबंध लिहिला. १८०९ साली मारिया ग्रॅहम ही बाई येऊन गेली. १८१२ मध्ये छापलेल्या तिच्या प्रवासवृत्तात चिंचवडच्या देवांची हकीकत आहे. दोघांचेही कुतूहल देवपणाविषयी होते. वाड्यात रोज किती पाने उठत आणि कोणत्या गावचा कुणबी कोणती तक्रार घेऊन ओसरीवर बसला आहे, इकडे पाहण्यास पाहुण्यांना फुरसत नसावी. वस्तुतः संस्थानाचे बळ त्यात होते. भाद्रपदात व माघात मंगलमूर्तींची पालखी चिंचवडाहून मोरगावास जाते, हा क्रम अजून टिकला आहे. मोरगाव, थेऊर व सिद्धटेक येथील देवस्थानांचा कारभारही चिंचवडच्या विश्वस्त मंडळाकडे आहे. मात्र त्याच चिंचवडातून चाफेकर बंधू निघाले आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे देवस्थानाच्या सावलीतील गाव केवळ टाळ कुटीत बसले होते असे म्हणता येत नाही.

देऊळ आणि चावडी यांचे हे सख्य वर्णन करताना एक बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हे घर सगळ्या गावाचे म्हटले जाई. पण सगळे गाव त्यात मावत नसे. इंग्लंडातील चर्चमध्येही जमीनदाराची बाके पुढे, गरिबांची मागे. आणि व्हिक्टोरियाच्या काळात पबमध्येही साहेबाचे दालन वेगळे, मजुराचे वेगळे. पण तेथे मागे का होईना, बसावयास बाक होते. आपल्याकडे महारांना चावडीवर राबण्याचा हक्क होता, बसण्याचा नव्हता. वेसकर म्हणून रात्री वेशीवर पहारा करावयाचा, चावडी झाडावयाची, सरकारी टपाल ऊन-पाऊस न पाहता पुढच्या गावी पोचवावयाचे, आणि देवाचे दर्शन दुरून घ्यावयाचे. म्हणून महारवाड्याची बैठक वेगळी, त्यांचा न्याय वेगळा. गोताच्या महजरावर त्यांची निशाणी मात्र लागत असे! साक्ष हवी, सहवास नको, असा तो व्यवहार होता. १९२९ साली पुण्यात पर्वतीच्या दर्शनासाठी सत्याग्रह झाला, तेव्हा सत्याग्रहींवर दगड पडले. १९४७ च्या मुंबई कायद्याने देवळे खुली केली, आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द होऊन चावडीवरची ती बिगार संपली. पण मधल्या काळात, २५ डिसेंबर १९५४ रोजी, याच पट्ट्यातील देहूरोड येथे डॉ. आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. जुन्या देवळाचे दार उघडण्याची वाट पाहणे ज्यांनी सोडून दिले, त्यांनी आपले नवे घर तेथे उभारले. आजही तो दिवस तेथे मोठ्या समुदायाने पाळला जातो.

स्वातंत्र्यानंतर चावडीचा एकेक खांब निखळू लागला. १९५० च्या कायद्याने कुलकर्ण्यांची वतने गेली आणि दप्तर तलाठ्याच्या हाती आले. १९६२ च्या कायद्याने पाटीलकीही गेली. जे उरले ते ग्रामपंचायतीच्या कचेरीत. दुसरीकडे, १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर सरकारी एस. टी.ची पहिली मोटार सुटली, आणि पाहता पाहता गावोगाव थांबे झाले. थांब्यावर चहाचे दुकान आले, दुकानात वर्तमानपत्र आले, आणि गावची तरणी मंडळी पार सोडून बाकड्यावर जाऊन बसली. इंग्रजी पबाचे खरे मराठी रूप शोधणाऱ्याने चावडीपेक्षा या बाकड्याकडे अधिक लक्ष द्यावे. येथे पायरी नव्हती. एक आणा टाकला की कोणालाही कोणाच्याही शेजारी बसता येई. निदान पुष्कळ ठिकाणी. कारण काही गावांत तेथेही कपबशी वेगळी ठेवलेली असे.

मग कारखाने आले. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पिंपरी, आकुर्डी, भोसरी यांच्या माळरानावर मोटारी, स्कूटर व यंत्रे घडू लागली. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ साली तिची महानगरपालिका झाली, आणि १९९७ साली मोशी, चिखली, चऱ्होली यांसारखी आणखी गावे तिच्यात आली. महानगरपालिकेत गाव गेले म्हणजे त्याची ग्रामपंचायत संपते. रस्ते, पाणी, दिवे मिळतात. पण चारचौघांनी बसून गावाचे काही ठरवावयाचे, तर ते ठरविण्याची जागा उरत नाही. नगरसेवक असतो, प्रभाग असतो. परंतु प्रभागाची रेघ गावाच्या शिवेवरून जात नाही.

तेव्हा चावडीचे काम कोठे गेले? ते देवळात गेले. आज या गावांत गाव म्हणून जी एकच संस्था जिवंत आहे ती उत्सव समिती होय. ग्रामदैवताच्या जत्रेची वर्गणी कोणी किती द्यावयाची, पालखीला खांदा कोणाचा, कुस्त्यांच्या आखाड्याचे पंच कोण, बैलगाड्यांच्या घाटाची दुरुस्ती कोणी करावयाची, हे ठरविताना बांधाचे, भावकीचे, सोयरिकीचेही पुष्कळ काही ठरून जाते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाड्यांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा खेड, मावळ, जुन्नर या भागांत जी अस्वस्थता पसरली, ती निव्वळ करमणूक गेल्याची नव्हती. १८ मे २०२३ च्या निकालाने त्यांस कायमची संमती मिळाली. तमाशाचेही तसेच. गुढीपाडव्याच्या सुमारास चाकणच्या पुढे नारायणगावास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तेथे जाऊन आपल्या जत्रेसाठी फड ठरवितात. देवाच्या निमित्ताने नाचगाणे आणि नाचगाण्याच्या निमित्ताने गाव एकत्र: सॉमरसेटच्या त्या बिशपला हा सौदा चटकन कळला असता.

मोशीचा नागेश्वर महाराजांचा उत्सव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. भंडारा झाल्यावर मानाच्या वस्तूंचा लिलाव होतो आणि एकेका ओटीची बोली लाखांवर जाते. शेतजमिनींना शहराचा भाव आल्यापासून या बोलीला जोर चढला, हे उघड आहे, आणि त्यात श्रद्धेइतकीच प्रतिष्ठेची चढाओढ आहे असे कोणी म्हटले तर तेही खोटे नाही. पण जमीन विकून पांगलेल्या भावकीतला माणूस त्या दिवशी परत येतो, चारचौघांत उभा राहतो आणि आपले नाव पुकारले जाताना ऐकतो. जुन्या चावडीवर त्याच्या आज्याचे नाव सारा भरताना असेच पुकारले जात होते.

इंग्लंडात याच्या उलट घडले. १८९४ च्या कायद्याने तेथील पॅरिशला निवडलेली सभा मिळाली, आणि दुसरी जागा उपलब्ध असताना ती सभा मद्यगृहात भरवू नये असा निर्बंधही त्यात घातला गेला. याचा अर्थ तोवर ती तेथेच भरण्याची वहिवाट होती. पुढे विसाव्या शतकात उपासनेला येणारे कमी झाले आणि गाव म्हणून भेटण्याचा भार पबवर पडला. आता तेथे पबही बंद होत आहेत, आणि काही खेड्यांत रहिवासी भागभांडवल गोळा करून आपला पब विकत घेतात. जसे त्यांचे पूर्वज चर्चसाठी जव गोळा करीत.

आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात तुकोबांची पालखी देहूच्या पहिल्या मुक्कामानंतर येऊन थांबते. १६८५ साली नारायण महाराजांनी या पालखीचा प्रघात पाडला, तेव्हा आकुर्डी हे माळावरचे लहानसे खेडे होते. आता देवळाभोवती कारखाने व वसाहती आहेत. ज्येष्ठातील त्या संध्याकाळी गावकऱ्यांची जुनी घरे दिंड्या वाटून घेतात: अमक्या दिंडीला भाकरी कोणाकडून, अंथरुणाला जागा कोणाच्या ओसरीवर, पाण्याची सोय कोणी करावयाची. कारखान्याच्या वस्तीतली मराठवाड्याची, विदर्भाची माणसे आपल्या गावची दिंडी शोधीत गर्दीतून फिरत असतात. देवळाच्या ओट्यावर कोणी तरी वही घेऊन बसलेला असतो आणि नावे लिहून घेत असतो.